गोळी जिभेखाली ठेवण्याआधी

प्रिय मित्रास,

तुझे पत्र दोनदा वाचले. मावशींच्या ओळखीच्या केंद्रात दहा दिवसांत गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन) कायमचे सोडवतात, तिथे जाऊ का, असे तू विचारले आहेस. जाऊ नकोस, हे उत्तर आधी देतो, कारणे नंतर.

दहा दिवसांत टर्की, म्हणजे माल बंद केल्यावर होणारा त्रास, ओसरते, हे खोटे नाही. हातपाय मोडून येणे, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, रात्र रात्र तळमळणे हे बहुतेकांचे तेवढ्या काळात निवळते. ओढ मात्र कित्येक महिने टिकते, आणि शरीराची पूर्वीची सहनशक्ती त्याआधीच उतरलेली असते. त्यामुळे बाहेर पडलेला मुलगा जुन्याच मापाने माल घेतो आणि श्वास मंदावून दगावतो. समुपदेशक असताना माझ्याकडून हेच घडता घडता राहिले. एक रुग्ण चौदा महिने बुप्रेनॉर्फिनवर, म्हणजे गर्दाऐवजी द्यायच्या जिभेखालच्या गोळीवर, राहून नियमित कामावर जात होता, त्याला मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "आता ही कुबडीही टाक." त्याने माझे ऐकले आणि पाच आठवड्यांत तो पुन्हा पुलाखाली गर्द ओढायची पन्नी घेऊन बसला. तो वाचला, यात माझे श्रेय काहीच नाही.

बुप्रेनॉर्फिन हेही अफूच्याच वर्गातले औषध आहे, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. गर्द मेंदूतील ज्या जागांवर काम करते, त्याच जागा ते घट्ट धरून बसते, पण त्यांना अर्धवटच चालना देते. त्यामुळे टर्की येत नाही, ओढ कमी होते आणि एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवूनही परिणाम फारसा वाढत नाही. मेथाडोन हे याच वर्गातले दुसरे औषध पूर्ण चालना देते, म्हणून ते रोज डोळ्यांदेखत प्यायला देतात, आणि आपल्याकडे ते मोजक्याच ठिकाणी मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने या दोन्ही औषधांचा 2005 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. नाल्ट्रेक्सोन मात्र नेमके उलटे काम करते, त्या जागा अडवून धरते. शरीरातून माल पूर्ण गेल्यावरच, म्हणजे साधारण सात ते दहा दिवसांनी, ते सुरू करता येते.

बुप्रेनॉर्फिन देणाऱ्या केंद्रात सकाळी काय चालते ते सांगतो, म्हणजे नवखेपणाने बिचकणार नाहीस. सिस्टर गोळी कुटून तिची पूड जिभेखाली घालतात आणि ती विरघळेपर्यंत तुला बाकावर गप्प बसवतात. तोंडात पाणी सुटते, पण ते गिळायचे नाही, कारण पोटात गेलेले औषध फारसे लागू पडत नाही. कुणी हाक मारली तर लोक बोट वर करून खुणेनेच उत्तर देतात. शेवटी तोंड उघडून दाखवायचे आणि निघायचे.

पहिल्या दिवसाची एक गोष्ट नीट लक्षात ठेव. अंगात गर्द असताना ही गोळी घेतली, तर ती गर्दाला जागेवरून हुसकावते आणि एरवी हळूहळू चढणारी टर्की काही मिनिटांत अंगावर येते. म्हणून शेवटचा चेस (पन्नीवरचा धूर ओढणे) होऊन किमान बारा तास उलटलेले असावेत आणि जांभया, अंगावर काटा, नाक गळणे सुरू झालेले असावे. केव्हा घेतलेस ते डॉक्टरांना खरे सांग. दारू आणि झोपेच्या गोळ्यांचेही सांग, कारण त्यांच्या जोडीने हेच औषध जिवावर बेतू शकते. तुझा मित्र एमडी (मेफेड्रोन, हे अफूच्या वर्गातले नाही) घेतो, त्याच्यासाठी मात्र अशी गोळी नाही. त्याला या रांगेत उभे करू नकोस.

आता शोधायचे कुठे? नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) ओएसटी केंद्रे, म्हणजे गर्दाऐवजी अशी औषधे देणारी केंद्रे, एचआयव्ही रोखण्याच्या कार्यक्रमातून उभी राहिली आणि ती मुख्यतः सुई टोचणाऱ्यांसाठी आहेत. तू पन्नीवर ओढतोस, तेव्हा तिथे तुझी नोंद होईलच असे नाही. म्हणून आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाची ओपीडी गाठ, किंवा 14446 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर जवळच्या केंद्राची चौकशी कर. फोनवर तीनच गोष्टी विचार: मनोविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष कोणत्या वारी असतात, बुप्रेनॉर्फिन चालू ठेवतात की फक्त टर्कीपुरते देतात, आणि घरी गोळ्या केव्हापासून मिळतात. "आमच्याकडे औषध लागत नाही, शिस्त लागते," असे कुणी म्हटले, तर फोन ठेव. (ही शिस्त मी पाहिली आहे, तिच्यात पट्टाही असतो.)

पोलिसांच्या भीतीविषयी तू एकच ओळ लिहिली आहेस, पण तीच तुला अडवते आहे असे दिसते. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64 अ नुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील मालाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढून घेता येते. नुसता उपचार मागायला गेलास म्हणून कुणी तुला पकडून देणार नाही, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुला दिलेला आहे.

किती महिने घ्यावी लागेल, हे आज विचारू नकोस. मात्रा कमी करण्याची वेळ डॉक्टर आणि तू मिळून ठरवाल, मावशी नव्हे आणि मीही नव्हे. आईंना पहिल्याच दिवशी सोबत ने, कारण गोळ्या घरी मिळू लागल्या की कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच राहणार आहे. ओपीडीचा वार कळला की मला कळव. आदल्या रात्री फोन करून शेवटचा चेस केव्हा झाला, ते मी विचारणार आहे.

तुझा,
काका