नवरीचा अंबाडा अक्षतांआधीच का उतरतो

खानापूरच्या ताईंनी विचारलंय की पार्लरमधून निघताना घट्ट वाटणारा नवरीचा अंबाडा अक्षता पडेपर्यंत मानेवर का उतरतो, आणि त्याला कुठला स्प्रे चांगला. ताई, स्प्रे बदलून हे सुटायचं नाही. अंबाड्याचं वजन पेलतं ते बूड, म्हणजे अंबाड्याच्या आत मुळाशी बांधलेली पोनी. स्प्रे फक्त वरचे बारीक सुटे केस बसवतो.

सुरुवात आदल्या दिवशीच होते. हळदीला आपल्याकडे डोक्याला तेल लावतात आणि एका शाम्पूने ते मुळातून जात नाही. त्या संध्याकाळी दोनदा शाम्पू करायला सांगा, कंडिशनर फक्त टोकांना. लग्नाच्या सकाळी धुतलेले केस निसरडे असतात, त्यात पिन थांबत नाही. केस पूर्ण वाळलेले हवेत. ओलाव्याने किंवा उष्णतेने केसांच्या आतले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना, थंड होताना नव्या आकारात जुळतात. म्हणून कर्ल काढल्यावर तो गुंडाळूनच पिनेने डोक्याला लावा आणि पूर्ण गार झाल्यावर सोडा. गरम असतानाच सोडला तर मेहनत वाया. कर्लरचं तापमान पातळ केसांना १५० अंश सेल्सियस पुरे, जाड केसांना १८०. मे महिन्यात वळीव येण्याआधी हवा दमट होते, तेव्हा याचा फरक लगेच दिसतो.

आता बूड. कपाळापासून कानापर्यंतचे पुढचे केस वेगळे काढून ठेवा. मागे अंबाडा जिथे बसणार तिथेच चार बोटं रुंद गोल भाग घेऊन पोनी बांधा, त्याच्या मुळाशी क्रिम्पिंग (गरम मशिनने केस बारीक नागमोडी करणं) किंवा हलकं बॅककोम्बिंग (केस मुळाकडे उलटे विंचरणं). रबर दोन लावा. बाकीचे सगळे केस याच पोनीवर आणायचे. केस कमी असतील तर गंगावन याच बुडाशी बांधायचं, नुसतं वरून खोचायचं नाही.

बहुतेकींची चूक पिन लावण्यात होते. पिन सरळ आत ढकलली की ती वजनाबरोबर सरळच बाहेर येते. यू पिनेचं तोंड आधी बाहेरच्या बाजूला ठेवून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस तिच्यात पकडा, मग पिन उलटी फिरवून बुडाकडे आत सरकवा. कडेचे आणि बुडाचे केस एकाच पिनेत अडकले की ती हलत नाही. बॉबी पिनेची नागमोडी बाजू टाळूकडे. जिथे जास्त ताण येतो, म्हणजे खालच्या दोन कोपऱ्यांत, दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावा. पंचवीस पिना खोचूनही अंबाडा हलत असेल तर पिना वाढवू नका, उघडून बूड पुन्हा बांधा.

फुलांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. फुलवाल्याने पाणी मारलेला गजरा तसाच माळला तर ते पाणी अंबाड्यात उतरतं आणि बसवलेला आकार सैल पडतो. गजरा झटकून सुती कापडात दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, अंबाड्यावर जाळी चढवा आणि मग माळा. फुलं नेहमी शेवटी.

आपल्या भागात अलीकडे मराठी नवऱ्या पण मोग्गिन जडे मागतात. कळ्यांची ती जड वेणी नुसत्या केसांच्या वेणीला लटकवली तर केस खाली ओढले जाऊन डोकं दुखतं. तिचं वरचं टोक बुडाच्या रबराला काळ्या दोऱ्याने बांधा आणि खाली वेणीला तीन-चार ठिकाणी टाके घ्या. म्हणजे भार बुडावर जातो.

काम सुरू करण्याआधीच नवरीला विचारायचं: पदर डोक्यावर घेणार का, मुंडावळ्या मोत्याच्या की फुलांच्या, विधी झाल्यावर साडी बदलणार का. मुंडावळ्यांची गाठ अंबाड्याच्या वर की खाली, हे ठरल्याशिवाय उंची ठरवू नका. नाहीतर मंडपात कुणीतरी आत्या गाठ मारताना दोन पिना उपटणार. स्प्रे पूर्ण वाळल्यावरच नवरीला सोडा, चिकट केसांत अक्षता अडकून बसतात.

निघण्याआधी तिला दोनदा वाकून नमस्कार करायला लावा आणि मान दोन्हीकडे वळवायला सांगा. बूड हललं तर खालच्या कोपऱ्यातली फुली पुन्हा लावा. कुठे टोचतंय म्हणाली तर ‘होईल सवय’ म्हणू नका, तीच पिन काढून परत लावा. दिवसभर पाया पडायचं असतं तिला.