सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा ख्रिस्ती पंथ आला कुठून?

मुळाशी आहे न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर हा शेतकरी. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातले २३०० दिवस म्हणजे वर्षं धरून, इ.स.पू. ४५७ पासून मोजत त्याने ख्रिस्ताचं पुनरागमन १८४३-४४ च्या सुमारास ठरवलं. त्याचा अनुयायी सॅम्युएल स्नोने तर थेट तारीखच काढली: २२ ऑक्टोबर १८४४. काहींनी शेतातले बटाटेसुद्धा काढले नाहीत! दिवस कोरडा गेला आणि फाटाफूट सुरू झाली. बरेच जण हिशेब चुकला म्हणून मोकळे झाले. एक छोटा गट मात्र अडून बसला: तारीख बरोबरच, फक्त घटना स्वर्गात घडली. (पळवाट म्हणा हवं तर.) शनिवारचा शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) आणि गटातल्या संदेष्ट्या मानल्या गेलेल्या एलेन व्हाइट यांना झालेले दैवी दृष्टान्त यांच्या जोरावर त्याच गटातून १८६३ साली हा पंथ उभा राहिला. टेक्सासमधल्या वेकोचा ब्रँच डेव्हिडियन हा गट पुढे त्यातूनच फुटलेला; पुण्यातलं स्पायसर कॉलेज (आता स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ) मात्र मूळ पंथाचं.