आयफोनचे फोटो कॉम्प्युटरवरून अपलोड करताना ‘ही फाइल चालत नाही’ असं का येतं?
बहुधा फोटो एचईआयसी (HEIC) या फाइल प्रकारात आहेत म्हणून. ते जेपीईजी केलेत की अपलोड होतील. फाइलच्या नावाच्या शेवटी .heic आहे का बघा, लगेच खात्री होईल. २०१७ च्या आयओएस ११ पासून, आयफोन ७ आणि त्यापुढच्या फोनवर ॲपलने हाच प्रकार मूळ सेटिंग म्हणून ठेवलाय. जागा कमी लागते हे खरं, पण बऱ्याच साइट्स अजून फक्त जेपीईजी आणि पीएनजीच घेतात. आयफोनवर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, म्हणजे फोटो जेपीईजीमध्येच निघतील. मात्र हे फक्त यापुढच्या फोटोंना लागू होईल. आधीचे फोटो बदलावेच लागतील: मॅकवर प्रीव्ह्यूमध्ये उघडून ‘एक्सपोर्ट’मधून जेपीईजी करा. नुसतं फाइलच्या नावाचं शेपूट बदलू नका, आतला प्रकार तोच राहतो.