सासूबाई फोनमधल्या बायांना चहा विचारतात

प्रश्न : आमचं गाव आर्णी तालुक्यात. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. पुण्याच्या दिरांनी त्यांच्यासाठी मोबाईलवरचा व्यायामाचा वर्ग लावून दिला. आठ-दहा म्हातारी माणसं आपापल्या घरून, एक मुलगी शिकवते. सासूबाई पाच मिनिटं पाहतात, त्या बायांना ‘या, चहा घ्या’ म्हणतात आणि उठून जातात. शेजारणी हसतात. दीर म्हणतात, ‘वहिनी, तुम्ही मनावर घेत नाही.’ अशानं डोकं खरंच ताळ्यावर येते का?

उत्तर : ताई, दारात बाया दिसल्या तर चहा विचारायचा, हे त्यांना अजून सुचतं याचा मला तरी आनंदच झाला. त्या बाया दुसऱ्या गावी बसल्यात, हे मात्र त्यांच्या मेंदूला आता जुळवता येत नाही. त्यात एवढासा फोन, त्यात दहा चौकोन, आणि बोलतंय कोण तेच कळत नाही. यात तुमच्या मनावर घेण्याचा काय संबंध?

डोकं ताळ्यावर येईल का, तर नाही. इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ४९४ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यातल्या बऱ्याच जणांकडून चार महिने दमदार व्यायाम करून घेतला. २०१८ साली निष्कर्ष छापून आले : अंगात ताकद आली, आजाराची चाल काही मंदावली नाही. मग करायचं कशाला? खुर्चीवरून आपलं आपण उठता यावं, मोरीपर्यंत तोल न जाता जाता यावं, म्हणून. त्यात तुमच्याही कमरेचं भलं आहे. कॅमेऱ्यापुढे हातपाय हलवून खेळायचे गेम ‘स्मरणशक्ती परत आणतात’ म्हणून कोणी विकायला आलं, तर पैसे घालू नका.

टीव्हीला फोन जोडता येत असेल तर जोडा. शिकवणारीचंच चित्र मोठं ठेवा, बाकीचे चौकोन झाका. घरातलं एखादं पोट्टं दोन मिनिटांत करून देईल. आणि हसणाऱ्या शेजारणींना ओसरीवर बोलवा. गुडघे त्यांचेही धरलेले असतीलच. दोघी-तिघी समोर हात हलवायला लागल्या की सासूबाई पाहून पाहून करतील. या आजारात सांगण्यापेक्षा करून दाखवलेलं लवकर उचललं जातं.

शिकवणारी म्हणेल, ‘दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पुढे.’ तुम्ही रिकामं सूप हातात द्या आणि म्हणा, ‘आई, गहू पाखडा.’ जन्मभर पाखडलेल्या हातांना शिकवावं लागत नाही. अंगवळणी पडलेल्या हालचाली नावं-गावं विसरल्यावरही बरेच दिवस राहतात. टाळ्यांसाठी भुलाबाईची गाणी म्हणा. ती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ निघाली तर नवल नको. खुर्ची प्लास्टिकची हलकी नको, पाठ भिंतीला टेकलेली हवी. चक्कर आली, छातीत दुखलं, धाप लागली की तिथंच थांबायचं.

वर्ग संध्याकाळचा असेल तर सकाळचा मागून घ्या. दिवस मावळताना असे रुग्ण जास्त गोंधळतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारचं तर नावच नको. लाइन गेली तरी शेजारणी आहेत, सूप आहे. फोनवाचून अडत नाही. एकदा दवाखान्यात नेऊन कानातला मळ आणि मोतीबिंदू मात्र तपासून घ्या. कित्येकदा माणसाला सांगितलेलं ऐकूच आलेलं नसतं आणि आपण आजाराला बोल लावतो.

दिरांना सांगा, फी भरलीत, उपकार झाले. आता दिवाळीला आठ दिवस या आणि आईच्या शेजारच्या खुर्चीत तुम्ही बसा. नाहीच जमलं तर सकाळचा तासभर गावातली एखादी बाई मदतीला ठेवायचे पैसे पाठवा. तुमचंच मन जड झालं तर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

महिनाभर असं करून पाहा. सासूबाई चिडायला किंवा घाबरायला लागल्या तर वर्ग सरळ बंद करा, आणि दिरांनी विचारलं तर माझं नाव पुढे करा.