२५ वर्षांखालच्या बेरोजगाराला कमी भत्ता देणं योग्य आहे का?

तुम्ही निबंधासाठी विचारलंय, ब्रिटनमध्ये २५ च्या आतल्या बेरोजगाराला सरकार भत्ता कमी देतं ते बरोबर का, आणि आपल्याकडे भत्ता सुरू झाला तर तसंच करावं का. दोन्हीला माझं उत्तर 'नाही'.

१९८७ साली मी २० वर्षांचा होतो. गाव तासगाव तालुक्यात, वडील गेलेले, घरी आई आणि दोन बहिणी. आयटीआय करून सांगलीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो. पहिल्या पगाराला रजिस्टरवर सही करताना वरच्या ओळीतला आकडा दिसला. शेजारच्या मशीनवरच्या माणसाची हजेरी १४ रुपये, माझी ९. जॉब तोच, आणि त्या आठवड्यात माझे नग जास्त निघाले होते. मालकांना विचारलं तर म्हणाले, "तुला कुठं बायकापोरं हायत? घरात आयतं जेवतोस."

मी घरात जेवत नव्हतो. गावभागात खोली घेऊन राहत होतो, भाडं ६० रुपये. वय २० म्हणून खोलीवाल्या बाईंनी ४० घेतले नाहीत. त्या दिवशी पोस्टात मनीऑर्डरच्या फॉर्मवर आधी लिहिलेला आकडा मी खोडून कमी केला. खाडाखोड चालत नाही म्हणून नवा फॉर्म भरावा लागला, तेवढा वेळ रांग मागे खोळंबली.

याच्या आदल्या उन्हाळ्यात मी रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला होतो. तिथं खड्ड्याला टेप लागायचा. चुलत्यांचा खड्डा आणि माझा खड्डा, दर एकच. १८ पूर्ण आहेत ना, एवढंच वय विचारायचे. ही योजना आमच्याच मातीतली. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात तिचा प्रयोग केला, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात तरुणाला वेगळा दर कुणी लावला नाही.

ब्रिटनचं म्हणाल तर तिथं बेरोजगाराला आणि कमी कमाईवाल्याला युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा भत्ता मिळतो. २०२५-२६ मध्ये त्याची मूळ रक्कम एकट्या माणसाला महिन्याला ४००.१४ पौंड होती, २५ च्या आत असेल तर ३१६.९८. भत्त्यात २५ ची ही रेघ १९८८ पासून आहे. कारण काय देतात? तरुण बहुतेक आईवडिलांकडे राहतात, त्यांची कमाईही कमी असते. पण त्याच देशात किमान वेतनाचा पूर्ण दर (२०२५-२६ मध्ये तासाला १२.२१ पौंड होता) २१ व्या वर्षीच लागू होतो. म्हणजे २२ वर्षांचा पोरगा कामावर असेल तर पूर्ण माणूस, आणि काम गेलं की पुन्हा लहान! पदरात मूल असलेल्या २२ वर्षांच्या एकट्या आईचीही मूळ रक्कम कमीच.

आमचे दाजी म्हणतात, जास्त दिलं की पोरं कट्ट्यावर बसतात. तीस वर्षं हेच ऐकतोय. त्यांचाच मुलगा पदवीधर. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना १०,००० मिळायचे (बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, तिथं दर शिक्षणावर, वयावर नाही). मुदत संपली, आता घरी आहे. रोज कुपवाडच्या एमआयडीसीत गेटवर अर्ज देऊन येतो. कट्ट्यावर मी त्याला एकदाही बघितलेला नाही. दाजी, हे वाचत असाल तर त्याच्या चपलांचे तळवे बघा.

एक मान्य करतो. आईवडिलांकडे राहणाऱ्याचा खर्च कमी असतो. मग तो कुठं राहतो ते विचारा, जन्मतारीख नको. आयर्लंडमध्येही २५ च्या आत दर कमीच आहे, पण सरकारी घरभाड्याची मदत घेऊन वेगळं राहणाऱ्याला पूर्ण दर मिळतो. निदान तेवढं तरी ते बघतात.

निबंधात विसापूरचा उल्लेख नक्की करा.