पाळी जाताना विसरभोळेपणा का वाढतो?

प्रश्न : माझे वय ४९ आहे. वर्षभर पाळी अनियमित आहे, रात्री घाम येऊन जाग येते आणि ओळखीच्या माणसांची नावे ओठांवर येऊन अडतात. माझ्या आईला सत्तरीत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला होता. ही त्याचीच सुरुवात असेल का? हॉर्मोनच्या गोळ्यांनी तो टळेल का?

उत्तर : आपली लक्षणे डिमेन्शियापेक्षा रजोनिवृत्तीच्या काळाशी अधिक जुळतात. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो आणि ती मुख्यतः ग्लुकोजपासून मिळवतो. हे ग्लुकोज मेंदूत पोहोचवण्यास आणि पेशींतील मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म घटकांत, त्याची ऊर्जा होण्यास इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन हातभार लावते. पाळी जाताना इस्ट्रोजेनची पातळी सरळ उतरत नाही, बरीच वरखाली होते. या काळातील स्त्रियांच्या मेंदूच्या पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे ग्लुकोजचा वापर दाखवणाऱ्या तपासणीत, मेंदूच्या काही भागांतील ग्लुकोजचा वापर घटलेला दिसला आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातले शरीराचे तापमान-नियंत्रणही याच चढउतारामुळे बिघडते, म्हणून अंगातून वाफा येतात आणि झोप मोडते. आपल्या तक्रारीत या मोडलेल्या झोपेचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते. पाळी पूर्ण थांबल्यावर अनेकींची स्मरणशक्ती पुन्हा स्थिरावते.

पुरुषांत टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर वर्षाला साधारण १ टक्क्याने घटते आणि त्यातील काही भागाचे मेंदूतच इस्ट्रोजेन होते, त्यामुळे त्यांना असा झटका सहसा बसत नाही.

गोळ्यांबाबत मात्र सावध राहावे. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत ६५ वर्षांवरील स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम हॉर्मोन) एकत्र दिले असता डिमेन्शियाचा धोका सुमारे दुप्पट झाल्याचे २००३ मध्ये जाहीर झाले. त्या स्त्रियांची पाळी जाऊन बरीच वर्षे लोटली होती, त्यामुळे तो निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या वयात वाफा आणि झोपमोड यांवर हे उपचार चांगले चालतात. केवळ डिमेन्शिया टाळण्यासाठी ते घेण्याचा सल्ला मी देणार नाही. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. ज्यांची दोन्ही अंडाशये ४५ च्या आत काढली आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना, मनाई करणारे कारण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हॉर्मोन देणे सहसा योग्य ठरते.

तूर्त थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावे. रोजच्या रस्त्यावर चुकणे, नेहमीचे हिशेब न जमणे, किंवा आपल्याला न जाणवता घरच्यांच्या लक्षात येणारा विसर, यांपैकी काही दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे.