कलमात 'लेखी' हा शब्दच नाही

प्रश्न : वकीलसाहेब, मी नागपुरात बगिचे करून देण्याचे ठेके घेतो. बेसा भागातल्या एका गृहसंकुलात पामसाठी चार फूट खोल खड्डे खोदताना जेसीबीने 11 केव्हीची (किलोव्होल्ट, उच्च दाबाची) केबल तोडली. आदल्या दिवशी लाइनमनला फोन केला होता, 'त्या बाजूला काही नाही' असं तो म्हणाला. वीज कंपनीने 4,38,000 रुपयांचं बिल दिलं. 'चूक आमची, खर्च भरतो' असं मी त्यांना लिहून दिलं. शेजारचा आइस्क्रीमवाला माल वितळल्याचे 70,000 मागतोय. माझी कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी (ठेकेदाराच्या कामात होणाऱ्या नुकसानीचा विमा) होती, तिसऱ्या दिवशी विमा कंपनीला कळवलं. 'भूमिगत वाहिन्यांबाबत लेखी परवानगी घेतली नाही' म्हणून दावा फेटाळला. त्याला 14 महिने झाले. एजंट म्हणतो, मागची तारीख टाकून पत्र तयार करू. पॉलिसीच्या पानांचे फोटो पाठवले आहेत. काय करू?

उत्तर : आधी एजंटच्या त्या पत्राबद्दल. ते करू नका. वीज कंपनीच्या कार्यालयात आवक रजिस्टर असतं आणि त्यात तुमचं पत्र सापडणार नाही. मग आज केवळ फेटाळलेला असलेला दावा बनावट दस्तऐवजाचा गुन्हा होईल. शिवाय दाव्यात लबाडी आढळली तर पॉलिसीचा सगळाच लाभ बुडतो, ही अट तुमच्याच पॉलिसीत आहे. मुख्य म्हणजे या पत्राची तुम्हाला गरजही नाही.

का नाही, ते तुमच्या तिसऱ्या फोटोत आहे. भूमिगत केबल आणि पाइपांबद्दलचं ते जोडकलम (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कलम) पुन्हा वाचा. काम सुरू करण्यापूर्वी विमाधारकाने संबंधित यंत्रणेकडे वाहिन्यांच्या नेमक्या जागेची विचारणा केलेली असावी आणि नुकसान टाळण्यासाठी आवश्यक ती सगळी काळजी घेतलेली असावी, एवढंच त्यात आहे. 'लेखी' हा शब्द नाही, 'परवानगी' हाही नाही. हे दोन्ही शब्द विमा कंपनीने नाकारणीच्या पत्रात स्वतःच्या पदरचे घातले. विम्याचा करार कंपनी लिहिते, म्हणून त्यातल्या संदिग्धतेचा फायदा विमाधारकाला मिळतो. इथे तर संदिग्धताही नाही, कलमात नसलेली अट वाढवली आहे. असे फेटाळलेले दावे घेऊन ठेकेदार येत राहतात, आणि बहुतेकांनी नाकारणीचं पत्र वाचलेलं असतं, कलम मात्र वाचलेलं नसतं.

तेव्हा दोनच गोष्टी सिद्ध करायच्या आहेत : खोदण्याआधी विचारलं होतं, आणि काळजी घेतली होती.

पहिलीसाठी तुमच्या मोबाइल कंपनीकडून त्या दिवसाच्या कॉलचा तपशील आजच मागवा. या नोंदी कायम ठेवल्या जात नाहीत आणि तुम्ही 14 महिने घालवले आहेत. लाइनमनशी व्हॉट्सॲपवर काही बोलणं झालं असेल तर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. लाइनमन म्हणजे 'संबंधित यंत्रणा' होते का, यावर विमा कंपनी वाद घालेल. माझ्या मते त्या भागाच्या वाहिन्या रोज हाताळणारा माणूस त्यात बसतो, पण जिथे तक्रार करायची तो ग्राहक आयोग हेच म्हणेल असं आज सांगता येत नाही.

दुसऱ्या गोष्टीत तुम्ही कच्चे आहात. जेसीबी लावण्याआधी हाताने चाचणी खड्डा का घेतला नाही? कुदळ-फावड्याने फूट-दीड फूट रुंद चर आडवा घेतला असता तर केबल, किंवा तिच्यावर विटा-फरश्या असतील तर त्या, आधी लागल्या असत्या. नागपूरच्या काळ्या मातीत तर खूण डोळ्यांनाही दिसते. काळ्या जमिनीतून पिवळ्या मुरमाचा सरळ पट्टा गेलेला दिसला, की तिथे आधी कोणीतरी खोदून बुजवलं आहे. तुम्ही पाठवलेल्या घटनास्थळाच्या फोटोत खड्ड्याच्या उजव्या भिंतीत असाच पट्टा आहे.

पण त्याच फोटोत तुमचा बचावही आहे. खड्ड्यात टेप सोडलेली आहे आणि तुटलेलं टोक दोन फुटांच्या खुणेजवळ दिसतं. 3.3 ते 11 केव्हीच्या केबलचा वरचा भाग जमिनीपासून किमान 0.9 मीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट खाली असावा, असं आयएस 1255 हे भारतीय मानक सांगतं. केबल दोन फुटांवरच टाकलेली असेल आणि वर विटा नसतील, तर तिला धक्का लागण्यात टाकणाऱ्याचाही वाटा आहे. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसानीची पाहणी करणाऱ्याने) ही खोली मोजली होती का, ते पाहायला हवं. सर्व्हे अहवालाची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे, ती लेखी मागा. एक सावधगिरी : बिल्डरने सपाटीकरणात वरची माती काढली असेल तर केबल मुळात तीन फुटांवरच असू शकते, आणि मग हा मुद्दा लंगडा होतो. संकुलाच्या कार्यालयातून सपाटीकरणाच्या आधीचे लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंचीची मोजमापं, मिळवा.

आणखी एक मुद्दा. विमा कंपनीने पत्रात एकच कारण दिलं आहे. नंतर आयोगासमोर नवं कारण पुढे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गलाडा पॉवर या विमा दाव्याच्या प्रकरणात 2016 साली स्पष्ट केलं आहे. तुम्हाला याची गरज पडेल, कारण रस्त्यावर चालण्याची नोंदणी असलेल्या वाहनाने केलेलं नुकसान अशा पॉलिसीच्या तिसऱ्या पक्षाच्या (इतरांच्या नुकसानीच्या) विभागातून सहसा वगळलेलं असतं, आणि भाड्याच्या जेसीबीला नंबरप्लेट असते. कंपनीने तो मुद्दा घेतलेला नाही. तरी जेसीबी मालकाकडून त्याच्या पॉलिसीची प्रत घ्या आणि त्या कंपनीलाही पत्र पाठवा. फार उशीर झाला आहे, पण न पाठवण्यापेक्षा बरं.

'चूक आमची' हे लिहून द्यायला नको होतं. विमा कंपनीच्या संमतीशिवाय कबुली देऊ नये, पैसे भरू नयेत, अशी अट इतरांचं नुकसान भरून देणाऱ्या जवळपास प्रत्येक पॉलिसीत असते. नाकारणीच्या पत्रात याचा उल्लेख नाही, हे तुमचं नशीब. यापुढे वीज कंपनीला काहीही लिहिण्याआधी वकिलाला दाखवा.

आइस्क्रीमवाल्याचे 70,000 पॉलिसीतून मिळणार नाहीत. हे जोडकलम केबलच्या दुरुस्तीच्या खर्चापुरतं आहे, वीज गेल्याने कोणाचं काय बुडालं ते त्याबाहेर आहे. दुरुस्तीच्या रकमेतूनही वजावट होईल, टक्केवारी कलमाखालच्या दोन ओळींत आहे.

आता मुदत. विमा लोकपालाकडे (विमा तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नाकारणीनंतर एक वर्षात जायचं असतं, ते वर्ष तुम्ही 'रिव्ह्यू चालू आहे' या एजंटच्या शब्दावर घालवलंत. उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे ग्राहक आयोगातल्या तक्रारीला दोन वर्षं असतात, म्हणजे तुमच्या हातात दहा महिने आहेत. कंपनीशी पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ही मुदत वाढत नाही. ठेकेदार असलात तरी तुम्ही 'ग्राहक' आहात, सर्वोच्च न्यायालयाच्या हर्सोलिया मोटर्स प्रकरणातल्या 2023 च्या निकालाने तो प्रश्न बराचसा मिटवला आहे. कोणत्या पातळीच्या आयोगाकडे जायचं ते तुम्ही भरलेल्या हप्त्यावरून ठरतं, म्हणून तक्रार नागपूरच्या जिल्हा आयोगातच करता येईल.

विमा कंपनीला उत्तर द्यायला 30 दिवस आणि वर फार तर 15 मिळतात. कायद्याने निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि तोवर वीज कंपनी वसुलीसाठी मागे लागते, याची मला चीड येते. म्हणूनच तक्रार शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. कॉलचा तपशील, खोलीचे फोटो आणि सर्व्हे अहवाल हातात आला की पंधरा दिवसांत दाखल करा. अहवाल मिळाला नाही तर तो हजर करण्याचा अर्ज तक्रारीसोबतच जोडा.

पुढच्या कामाला जेसीबी लावण्याआधी सरकारच्या 'कॉल बिफोर यू डिग' (खोदण्याआधी कळवा) ॲपवर नोंद करा आणि वीज व पाणीपुरवठा कार्यालयांना स्थळाच्या नकाशासह पत्र देऊन पोच घ्या. कलम लेखी मागत नसलं तरी पोच असली की लाइनमन काय म्हणाला यावर वाद उरत नाही. वर्क ऑर्डरमध्येही एक ओळ घाला : जमिनीखालच्या वाहिन्यांचा नकाशा मालकाने द्यायचा, आणि तो मिळेपर्यंत यंत्राने खोदकाम सुरू होणार नाही.